फ्रॅक्स: हाड मोडण्याची शक्यता वर्तवणारे मोफत साधन, आपल्या घरातून पाहिलेले

हाडांच्या घनतेची तपासणी करून आलेल्या माणसाच्या हाती जो अहवाल पडतो, त्यातला टी-स्कोअर नावाचा उणे चिन्हाचा आकडा सोडला तर बाकी काही त्याला उमगत नाही, आणि तो आकडा नेमके काय सांगतो हेही त्याला बहुधा कोणी समजावून सांगत नाही. उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर घरात घबराट पसरते आणि त्याच्या थोडा वर असेल तर सगळे निर्धास्त होतात. वास्तविक रुग्णाला हवे असते ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर: पुढच्या काही वर्षांत माझे हाड मोडण्याची शक्यता किती? फ्रॅक्स हे संगणकीय साधन याच प्रश्नाचे उत्तर टक्केवारीत देते. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात प्रा. जॉन कॅनिस यांच्या पुढाकाराने ते तयार झाले आणि २००८ पासून त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वापरता येते. माझ्या आत्याचा डेक्सा अहवाल, म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीचा अहवाल, समजून घेताना मी ते प्रथम वापरले आणि पुढे नात्यातल्या, शेजारच्या ज्येष्ठांसाठीही त्याचे रकाने भरत गेलो. मी डॉक्टर नाही. एक जागरूक वापरकर्ता म्हणून या साधनाने काय दिले आणि कुठे हात आखडता घेतला, एवढेच येथे मांडतो.

साधनाचे मोल कळायचे असेल तर आधी टी-स्कोअरची मर्यादा कळायला हवी. डेक्सा यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी कमरेचे मणके आणि खुबा यांमधील खनिजाचे प्रमाण दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम आहे हे मोजते. हा आकडा तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलनांनी (आकड्यांचा विखार मोजण्याच्या संख्याशास्त्रीय एककाने) कमी किंवा जास्त आहे, हे टी-स्कोअर सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये उणे एक आणि उणे अडीच या दोन रेषा आखल्या. उणे एकपर्यंत सामान्य, उणे एक ते उणे अडीच यांच्या दरम्यान ऑस्टिओपेनिया म्हणजे घटलेली घनता आणि उणे अडीच वा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. घनता कमी तशी जोखीम जास्त, हे खरेच आहे. खुब्याची घनता एका प्रमाण विचलनाने घसरली की खुबा मोडण्याची जोखीम साधारण अडीच पटीने वाढते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. मात्र याच शास्त्रातली दुसरी गोष्ट अहवालात छापलेली नसते. किरकोळ पडझडीत हाड मोडणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा टी-स्कोअर उणे अडीचच्या वर असतो. मधल्या पट्ट्यातील माणसांची जोखीम प्रत्येकी कमी असली, तरी त्यांची संख्या इतकी मोठी आहे की मोडलेल्या हाडांची बेरीज तिथेच मोठी होते. शिवाय पंचावन्न वर्षांच्या आणि पंच्याहत्तर वर्षांच्या अशा दोन बायकांचा टी-स्कोअर अगदी सारखा असला, तरी त्यांची जोखीम सारखी नसते, कारण हाडाची अंतर्गत वीण, स्नायूंचे बळ आणि तोल यांतले काहीही त्या एका आकड्यात उतरत नाही.

फ्रॅक्स घनतेला सिंहासनावरून उतरवून इतर घटकांच्या पंगतीत बसवते, आणि मला ही त्याची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. देश निवडल्यावर बारा प्रश्नांचा एकच तक्ता समोर येतो: वय, लिंग, वजन, उंची, पूर्वीचे फ्रॅक्चर, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, स्टेरॉइडच्या गोळ्या, संधिवाताभ आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, दुय्यम ऑस्टिओपोरोसिसला कारण ठरणारे आजार, मद्यपान, आणि शेवटी खुब्याच्या मानेची, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याखालच्या अरुंद भागाची घनता. शेवटचा रकाना रिकामा ठेवला तरी हिशेब होतो. डेक्साची सोय जिल्ह्याच्या गावापलीकडे सहसा नसते आणि तपासणीचा खर्चही अनेकांना जड जातो, हे लक्षात घेता घनतेविना चालणारा हिशेब ही आपल्याकडे फार मोठी सोय आहे. माझ्या मते हे साधन तपासणीनंतर वापरण्यापेक्षा तपासणीच्या आधी एकदा वापरावे, म्हणजे डेक्साला जाण्याची गरज आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना नेमकेपणाने विचारता येतो. साधन चाळीस ते नव्वद वयोगटासाठी आहे. त्याबाहेरचे वय घातले तर ते चाळीस किंवा नव्वदच धरून चालते, त्यामुळे तिशीतल्या मुलीने हौसेने रकाने भरून उपयोग नाही.

प्रश्न वाचायला सोपे आहेत, पण त्यांची उत्तरे आपल्या घरांतून मिळवणे सोपे नाही. पूर्वीच्या फ्रॅक्चरचेच पाहा. येथे अपेक्षित आहे ते प्रौढ वयात आपोआप किंवा निरोगी माणसाचे हाड मोडू नये इतक्या किरकोळ आघाताने झालेले फ्रॅक्चर. आत्याला हा प्रश्न विचारला तेव्हा तिचे उत्तर ‘नाही’ असे होते. काही वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून तिचे मनगट मोडले होते, पण ‘ते तर पडले म्हणून मोडले’ असे तिचे म्हणणे. उभ्या उंचीवरून पडून मोडलेले मनगट हेच ठिसूळ हाडाचे नमुनेदार लक्षण असते, आणि त्या एका ‘हो’ने अंतिम आकडा ठळकपणे वर सरकतो. हा प्रश्न ज्येष्ठांना थेट न विचारता, ‘चाळिशीनंतर कधी प्लास्टर घातले होते का’ असा विचारावा, असे मी सुचवीन. मणक्याचे फ्रॅक्चर तर याहून फसवे. पाठ दुखते, माणूस वाकतो, उंची कमी होते आणि सगळे ते वयावर ढकलून मोकळे होतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घट झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढून घेणे योग्य ठरते. पण ज्या पिढीने पासपोर्टही काढला नाही, तिची तरुणपणीची उंची कुठे लिहिलेली सापडणार?

आई-वडिलांच्या खुब्याचा प्रश्नही असाच निसरडा आहे. ‘आजी पडली, मग उठलीच नाही, चार महिन्यांत गेली’ ही हकिकत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ऐकू येते. ते बहुधा खुब्याचेच फ्रॅक्चर असते, परंतु एक्स-रे नाही, कागद नाही, म्हणून तक्त्यात ‘नाही’ भरले जाते आणि जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. धूम्रपानाच्या प्रश्नाला आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया खरेपणाने ‘नाही’ म्हणतील. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू मळणाऱ्या बाईसाठी मात्र तक्त्यात जागाच नाही, कारण साधन ज्या लोकसमूहांच्या अभ्यासावर उभे राहिले, तिथे तंबाखू म्हणजे सिगारेट. स्टेरॉइडबाबत विचारणा आहे ती रोज पाच मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन, अथवा तितक्या ताकदीचे दुसरे स्टेरॉइड, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतले आहे का, अशी. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कागदाच्या पुडीतून बिननावाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसाला याचे उत्तर कसे ठाऊक असणार? अशा वेळी गोळीचे पाकीट किंवा जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडेच जावे लागते.

दुय्यम कारणांच्या रकान्यावर थोडे थांबतो. दीर्घकाळचा यकृताचा आजार, पहिल्या प्रकारचा मधुमेह, उपचाराविना राहिलेला अतिसक्रिय थायरॉइड, दीर्घ कुपोषण यांबरोबरच पंचेचाळीस वर्षांच्या आत पाळी बंद होणे हेही त्यात मोडते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांवर तरुण वयात झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने दवाखाने, पैसे आणि कामाचे खाडे यांची. हाडांचा विषय मागेच राहिला. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले गेले असेल तर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अचानक नाहीसे होते आणि हाडांची झीज दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होते. फ्रॅक्समध्ये अशा बाईसाठी एक खूण करता येते खरी, पण साधनाच्या रचनेनुसार खुब्याची घनता भरली की या रकान्याचे वजन शून्य होते. या कारणांचा परिणाम घनतेतच उतरतो, असे त्यामागे गृहीत आहे. तर्क म्हणून ते पटते, तरीही भरणाऱ्याला याची कल्पना संकेतस्थळाने ठळकपणे द्यायला हवी होती.

घनतेचा रकाना भरताना सर्वाधिक चुका होतात, म्हणून तेवढी सूचना तपशिलात देतो. अहवालात मणक्यांचे, पूर्ण खुब्याचे आणि खुब्याच्या मानेचे असे वेगवेगळे आकडे असतात. फ्रॅक्सला फक्त खुब्याच्या मानेचा लागतो. मणक्याचा सर्वांत वाईट आकडा उचलून तिथे घालण्याचा मोह आवरावा. होलॉजिक, जीई-ल्युनार अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी थेट जुळत नाहीत, म्हणून यंत्राचे नाव निवडून ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हा मूळ आकडा भरणे सर्वांत सुरक्षित. टी-स्कोअर थेट भरण्याचीही सोय आहे, परंतु तो अमेरिकेतील गोऱ्या तरुण स्त्रियांच्या संदर्भ-आकड्यांवरून काढलेला असावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री अभ्यासातून भारतीयांसाठीचे संदर्भ-आकडे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या केंद्राने ते वापरून टी-स्कोअर काढला असेल आणि तो येथे भरला, तर हिशेब नकळत बदलतो. आत्याची तपासणी जिथे झाली, त्या केंद्राच्या अहवालात यंत्राचे नाव आणि संदर्भसमूह दोन्ही नव्हते. फोन करून विचारल्यावर यंत्राचे नाव तेवढे मिळाले. सोसायटीत किंवा औषधांच्या दुकानाबाहेर मोफत शिबिरांत टाचेवर अल्ट्रासाउंड लावून जो आकडा देतात, तो तर या रकान्यात मुळीच चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची उणे अडीचची रेषाही त्या यंत्राला लागू नाही, हे शिबिरात सांगितले जात नाही.

बटण दाबल्यावर दोन टक्केवाऱ्या येतात. पहिली पुढील दहा वर्षांत मणका, खुबा, मनगटाजवळचे हाड किंवा खांद्याजवळचे दंडाचे हाड यांपैकी काही मोडण्याची शक्यता सांगते आणि दुसरी केवळ खुब्याची. दहा टक्के आले तर अर्थ असा की नेमकी हीच उत्तरे असणाऱ्या शंभर जणांपैकी दहा जणांना या काळात असे फ्रॅक्चर होण्याची अपेक्षा आहे. आपण त्या दहांत आहोत की नव्वदांत, हे साधन सांगत नाही, तसा त्याचा दावाही नाही. या हिशेबात मृत्यूची शक्यताही धरलेली असते, ही गोष्ट मला विशेष वाटली. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाचे हाड कितीही ठिसूळ असले, तरी पुढची दहा वर्षे तो जगेलच असे नाही, त्यामुळे अतिवृद्धांचा आकडा कधी कधी अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. तो कमी दिसला म्हणून धोका आज कमी आहे, असा निष्कर्ष काढू नये. दशांश चिन्हानंतरचा आकडा छापण्याची पद्धत मात्र मला खटकते. ज्या उत्तरांत ‘आजी पडली, मग गेली’ अशी अनिश्चितता आहे, त्यांच्यावर बेतलेल्या निष्कर्षाला दशांशापर्यंतचा नेमकेपणा शोभत नाही.

आता भारताच्या हिशेबाविषयी. ज्या देशात खुब्याच्या फ्रॅक्चरची देशव्यापी नोंद नाही, त्या देशासाठी हे साधन दुसऱ्या लोकसमूहाचे फ्रॅक्चरचे आकडे उसने घेऊन त्यांना त्या देशाच्या मृत्युदराची जोड देते. भारताचा हिशेब याच वर्गातला आहे. आपल्याकडे मोजणीचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात २००९ या वर्षातील नोंदी गोळा केल्या गेल्या आणि पन्नाशीपुढील दर एक लाख लोकांमागे वर्षाला खुब्याची १२९ फ्रॅक्चर आढळली, स्त्रियांत १५९ आणि पुरुषांत १०५. परंतु रोहतकचा आकडा सांगलीला, गडचिरोलीला किंवा फोंड्याला लावता येईल का, हा प्रश्न उरतोच. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दुसरीच अडचण येते. अमेरिकेच्या हिशेबात वंशानुसार चार पर्याय आहेत आणि त्यांतला एक आशियाई. न्यू जर्सीतल्या मुलाने आईसाठी एकदा भारत आणि एकदा अमेरिका निवडली तर दोन निराळे आकडे येतील. उपचार सुरू करण्यासाठी अमेरिकेत वापरली जाणारी एकूण वीस टक्के किंवा खुब्याची तीन टक्के ही रेषा भारताच्या हिशेबातून आलेल्या आकड्याला लावणेही चूकच, कारण ती तिथल्या खर्चाच्या गणितावरून ठरलेली आहे. ब्रिटनमध्ये तर रेषा वयाप्रमाणे बदलते.

साधन काय विचारत नाही, हेही नोंदवायला हवे. सर्वांत मोठी उणीव म्हणजे पडण्याचा उल्लेख नाही. वर्षभरात तीनदा पडलेली बाई आणि एकदाही न पडलेली बाई यांचा आकडा येथे सारखाच येतो. ओली मोरी, उंच उंबरठा, रात्री अंधारात उठणे, मोतीबिंदू आणि झोपेची गोळी यांनी हाड मोडण्यात जो वाटा उचललेला असतो, तो या हिशेबाबाहेर राहतो. दुसरी उणीव आपल्यासाठी त्याहून महत्त्वाची, ती म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. या आजारात घनता चांगली दिसते आणि तरीही हाड सहज मोडते. त्यामुळे टी-स्कोअर आणि फ्रॅक्स दोन्ही जोखीम कमी दाखवतात. यावर तोडगा म्हणून मधुमेह असल्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रकान्यात ‘हो’ भरावे, असे तज्ज्ञ सुचवतात. मधुमेहींच्या आपल्या देशात अशी पळवाट काढावी लागणे मला बरे वाटत नाही. स्टेरॉइडची मात्रा किती, फ्रॅक्चर एक झाले की चार, गेल्या वर्षी झाले की वीस वर्षांपूर्वी, यांतही मूळ साधन फरक करत नाही. वास्तविक फ्रॅक्चरनंतरची पहिली दोन वर्षे सर्वाधिक धोक्याची असतात.

या उणिवा कर्त्यांना ठाऊक होत्या. २०२३ मध्ये आलेल्या फ्रॅक्सप्लस या सशुल्क आवृत्तीत फ्रॅक्चर किती अलीकडचे, गेल्या वर्षातील पडण्याची संख्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा कालावधी, स्टेरॉइडची मात्रा, मणका आणि खुबा यांच्या घनतेतील तफावत अशा बाबींनुसार आकडा सुधारून मिळतो. मला हे दालन डॉक्टरांसाठी अधिक योग्य वाटते. घरच्या माणसाने पैसे भरून तो आकडा मिळवला तरी पुढचा निर्णय डॉक्टरांच्याच हाती राहतो. मोफत पर्यायांत ऑस्ट्रेलियातील दुब्बो येथील दीर्घ अभ्यासावर उभे असलेले गार्वन संस्थेचे साधन पडण्याची आणि फ्रॅक्चरची संख्या विचारते, तर ब्रिटनमधील क्यूफ्रॅक्चर मधुमेहही धरते आणि वंशाच्या यादीत भारतीय हा पर्यायही देते. मात्र क्यूफ्रॅक्चर घनता स्वीकारत नाही आणि दोन्हींचा पाया त्या-त्या देशाच्या लोकांचा आहे. सतत पडणाऱ्या व्यक्तीसाठी गार्वनचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. एरवी भारताचा स्वतंत्र पर्याय असल्यामुळे मी फ्रॅक्सलाच पसंती देईन.

ज्यांचा खुबा किंवा मणका किरकोळ पडण्याने आधीच मोडला आहे, त्यांनी या हिशेबात वेळ घालवू नये. त्यांना उपचारांची गरज आहे हे त्या फ्रॅक्चरनेच सिद्ध केलेले असते, आणि टक्केवारी कमी आली म्हणून औषध टळले तर साधनाने नुकसानच केले, असे होईल. ज्यांचे औषध सुरू आहे त्यांच्यासाठीही ते नाही. फ्रॅक्सचा हिशेब उपचार न घेतलेल्यांसाठी मांडलेला आहे, औषधाचा गुण आला की नाही हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी साधारण दोन वर्षांनी त्याच केंद्रात, शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा करावी लागते. संकेतस्थळ इंग्रजीत उघडते, रकाने लहान आहेत आणि प्रत्येक प्रश्नाखालच्या टिपा वाचल्याविना उत्तर भरले तर ते हमखास चुकते. म्हणून ज्येष्ठांना दुवा पाठवून मोकळे न होता त्यांच्या शेजारी बसून, जुन्या फायली आणि औषधांचे डबे समोर घेऊन तक्ता भरावा. आत्याच्या बाबतीत मनगटाचा ‘हो’ आणि यंत्राच्या नावासह मूळ घनता भरल्यानंतर आलेला कागद आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांपुढे ठेवला. त्यांनी टक्केवारीवर ओझरती नजर टाकली, आत्या किती वेळा पडली हे विचारले, मणक्यांचा एक्स-रे आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली.